जिवाणूचा खिसा

कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो उलटा करून दाखवायचा, ही मास्तरांची जुनी पद्धत. गिऱ्हाईक आरशात पाठ बघायला उतावीळ झालेलं असायचं, आणि हे आपले कोटाची आतली बाजू बाहेर काढून मुंढ्याच्या शिवणीवरून बोट फिरवत उभे. "बाहेरून काय, कुणीही शिवेल. आत बघा," असं म्हणायचे. अस्तराशिवाय कोट द्यायचा नाही म्हणजे नाही. एकदा एक जण मुलाखतीच्या घाईत आला आणि म्हणाला, अस्तर राहू द्या, वेळ नाही. मास्तरांनी अंगातला स्वतःचा कोट काढून त्याला घातला आणि पाठवून दिला, पण बिनअस्तराचा कोट काही हाती ठेवला नाही. त्या माणसाला नोकरी लागली की नाही कोण जाणे. मास्तरांचा कोट मात्र दुसऱ्या दिवशी परत आला, खिशात एक पेपरमिंटची गोळी घेऊन. तेव्हापासून सगळी गल्ली त्यांना अस्तरमास्तर म्हणू लागली आणि त्यांनीही ते पदवी मिळाल्याच्या थाटात मिरवलं.

दुसरं वेड खिशांचं. त्यांचा खिसा पँटपेक्षा जास्त टिकतो, असं लोक म्हणत. कुठलीही वस्तू सुटी पडलेली त्यांच्या डोळ्यांना खपत नसे. घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी घर शिवलं होतं: रेडिओला, छत्रीला, अडकित्त्याला, टॉर्चला, बायकोच्या चष्म्याला आणि त्या चष्म्याच्या जुन्या डबीलासुद्धा. बायको कधी वैतागून, कधी कौतुकानं म्हणायची, "एक दिवस मलाही पिशवीत घालून वर बटण लावतील."

पुढे तयार कपड्यांची दुकानं आली आणि गिऱ्हाईक पातळ झालं. शेवटी मास्तरांनी दुकान सोडलं आणि मशीन उचलून घरच्या गॅलरीत आणलं. ते दिवस फार वाईट गेले. माणूस तोंडानं बरा बोलत होता, पण दिवसभर मशीनला तेल देत बसायचा, आणि जे मशीन चालतच नाही त्याला तेल किती देणार? मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातला बराचसा काळ पाण्यावर. घरात राहिली तिघं: मास्तर, त्यांची बायको आणि सून.

सून अंध मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. सासऱ्याशी तिचं छान जमायचं, कारण दोघंही हट्टी. एका संध्याकाळी ती घरी आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि चहाकडे न बघता म्हणाली, "मोठ्या बाई शास्त्राचा तास बंद करतायत."

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना स्वतःला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे तिथं नुसतं गोड बोलून वेळ मारून न्यायची सोयच नव्हती. त्या दिवशी त्या न सांगता वर्गात येऊन बसल्या होत्या. पेशी म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गानं एका सुरात व्याख्या म्हणून दाखवली. जिवाणू, आर्किया आणि बुरशी यांत फरक काय? तेही एका सुरात. मग बाईंनी विचारलं, "केंद्रक समोर ठेवलं तर ओळखाल? हाताला कसं लागेल ते?" सगळा वर्ग गप्प.

"म्हणाल्या, हे शास्त्र नाही, ही पोपटपंची आहे," सून सांगत होती. "त्यापेक्षा गाण्याचा तास वाढवते, निदान गाणं मुलींचं स्वतःचं तरी असतं. महिनाअखेर परत येणार आहेत. एका तरी मुलीनं हातानं ओळखून, कारण देऊन दाखवलं, तर तास राहील. नाही तर गेला."

"मग हातात द्यायचं काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

"सगळं करून झालं, आई. मातीचे गोळे केले, तर पहिल्या मुलीनं दाबून बघितलं आणि दुसरीपर्यंत त्याचा लगदा झाला. तारांचं केलं तर बोटाला टोचलं. आणि गोळ्याच्या आत हात कसा घालणार? 'समजा, आत असं असं आहे,' असं मी सांगते. किती समजायचं त्या पोरींनी?"

मास्तरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "आत हात जायला हवा आणि आतल्या वस्तू हाताला लागायला हव्यात. मग ती पिशवीच झाली की."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांनी खडू कानामागे खोचला होता. बऱ्याच महिन्यांनी खोचला होता.

"गिऱ्हाइकाचं माप सांग."

"बाबा, तुमच्या सुईच्या टोकावर शेकडो बसतील असलं गिऱ्हाईक आहे!"

"मग हौसेचं माप घेऊ. कोपरापर्यंत हात आत जाईल एवढं. आता पहिल्यापासून सांग, आणि पुस्तकात लिहिलंय तसं नको, कपड्याचं सांगतात तसं सांग."

सुनेनं चहाचा कप जवळ ओढला. जिवाणू म्हणजे एकच पेशी, एवढाच त्याचा सगळा संसार. बाहेर भित्तिका. ती साखरेच्या आणि प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते. तिच्या आत पेशीपटल, म्हणजे अस्तर. हा शब्द ऐकून मास्तर खुर्चीत सरसावून बसले. "आधी का नाही सांगितलंस? इतक्या बारक्या जिवालासुद्धा अस्तर आहे?"

"अस्तराशिवाय कुठलीच पेशी नाही, बाबा. आणि ते दुपदरी असतं, एकावर एक सरकणारे दोन पदर."

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं, की जणू जन्मभराच्या वादाचा निकाल लागला.

"आत काय?"

"रायबोझोम, हे बारीक बारीक. प्रथिनं तयार करणारे कारखाने. त्यांना मणी चालतील. आणि डीएनए. पेशीनं काय करायचं, कसं वाढायचं, याची सगळी माहिती त्यात. जिवाणूत तो बहुतेक वेळा गोल कड्यासारखा असतो, त्याला टोकच नाही."

"तो कशात ठेवलेला असतो?"

"कशातच नाही. मोकळाच असतो."

"मोकळा?" मास्तरांचा आवाज चढला. "सगळ्यात मोलाची वस्तू आणि ती अशी उघड्यावर टाकलेली?"

"हाच तर फरक आहे! जिवाणूला केंद्रक नाही. बुरशीला आहे. बुरशीचा डीएनए वेगळ्या पटलाच्या पिशवीत असतो. आणि त्या पिशवीला बारीक भोकं असतात, सामानाची ये-जा व्हायला."

"भोकं नव्हेत, काजं म्हण. म्हणजे बुरशी टापटिपीची आहे. आणि जिवाणू...," मास्तरांनी योग्य शब्द शोधला, "गबाळा."

"गबाळा असेल, पण अब्जावधी वर्षं झाली, त्याचं सगळं व्यवस्थित चाललंय," सून म्हणाली. मास्तरांना हे पटलं नाही, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा धंद्याचा नियम त्यांनी पाळला.

राहिला आर्किया. त्याच्याविषयी सून जरा प्रेमानंच बोलली. उकळत्या झऱ्यात, मिठागरात, गाईच्या पोटात, कुठंही राहतो. जिवाणूसारखाच दिसतो, त्यालाही केंद्रक नाही, म्हणून शास्त्रज्ञसुद्धा कितीतरी वर्षं त्याला जिवाणूच समजत होते. पण त्याच्या भित्तिकेत ती जिवाणूची जाळी नाही. आणि अस्तर वेगळ्याच घडणीचं. उकळत्या पाण्यात राहणाऱ्या काही आर्कियांत तर अस्तराचे दोन पदर एकमेकांना पक्के जोडलेले असतात, त्यामुळे ते सुटत नाहीत.

"आरपार टाके," मास्तर म्हणाले. "गोधडीला घालतात तसे. बरोबर केलंय त्यानं."

दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत मशीनचा आवाज सुरू झाला आणि बायकोनं देवाला हात जोडले. जिवाणूला बाहेरून मच्छरदाणीची जाडी जाळी, आर्कियाला गुळगुळीत कापडाचे चौकोनी तुकडे एकमेकांना जोडून. बुरशीच्या भित्तिकेत खेकड्याच्या कवचात असतं तेच कायटिन असतं, असं सुनेनं सांगितल्यावर मास्तरांनी कॉलरला वापरायचं कडक बक्रम काढलं. सुनेनं निवडली होती यीस्ट, म्हणून बुरशीची पिशवी मोठी आणि गोल झाली. तिच्या एका बाजूला कळीसारखा फुगवटा, कारण यीस्टला पिल्लं तशीच फुटतात. आत काजांची एक छोटी पिशवी, ते केंद्रक, आणि चुण्या घालून शिवलेल्या इवल्याशा उश्या, त्या तंतुकणिका, पेशीला लागणारी ऊर्जा तयार करणाऱ्या. त्या जिवाणूत नसतात आणि आर्कियातही नसतात. जिवाणूला मागे दोरीची शेपटी. डीएनएच्या कड्यासाठी मास्तरांनी सुतळीची दोन टोकं पीळ सोडवून अशी एकमेकांत विणली, की सुनेला जोड शोधून सापडला नाही. प्रत्येक पिशवीच्या तोंडाला चेन.

घराची पार दशा झाली. शेजारीण पीठ मागायला आली, तर सासूबाई ओरडल्या, "अहो, त्या खुर्चीवर नका बसू, तिथं बुरशी आहे!" शेजारीण पीठ न घेताच गेली.

मोठ्या बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी सुनेनं तिन्ही पिशव्यांत हात घालून सगळं नीट तपासलं. डोळे मिटून तपासलं. मग सासऱ्याला नुसतं म्हणाली, "बाबा, एक नंबर." मास्तरांना त्या रात्री झोप लागली नाही, असं मी सांगणार होतो, पण खोटं कशाला बोला? ते घोरत होते.

घोटाळा झाला तो सकाळी. सून आवरत असताना मास्तरांनी सहज म्हणून जिवाणूच्या पिशवीत हात घातला. हात बाहेर काढताना सुतळीचं कडं बोटात अडकून बाहेर आलं आणि जमिनीवर पडलं. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. इतक्या मुली हात घालणार, ओढाओढ होणार, कडं हरवलं तर? अख्ख्या जिवाची माहिती हरवली! आर्कियाचंही कडं तसंच मोकळं. मास्तरांचे हात आपोआप चालू लागले. अस्तराच्याच कापडाचा एक सुबक चोरखिसा त्यांनी जिवाणूला लावला, एक आर्कियाला लावला, कडी आत सरकवली आणि वर टिचबटण दाबलं. केंद्रक फक्त बुरशीला, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण त्या क्षणी त्यांच्या लेखी ते केंद्रक नव्हतंच, तो खिसा होता. खिशानं कुणाचं काय वाईट होतं? सुनेला त्यांनी सांगितलंही नाही. बघेल तेव्हा खूश होईल, असं मनात म्हणाले.

वर्ग लहान होता, खिडक्या उघड्या, बाकं भिंतीला लावलेली. मास्तर मागच्या बाकावर, नवा शर्ट घालून. मोठ्या बाई पुढच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "बाई बोलणार नाहीत," त्यांनी बजावलं. "जी येईल तिनं स्वतः सांगायचं."

पुढे आली ती जिला सगळा वर्ग वकील म्हणायचा ती मुलगी. शिक्षकांचा जीव खाणारी, पण हाताची पक्की. तिनं पहिली पिशवी जवळ ओढली. "बाहेर जाळी आहे. मागे शेपटी आहे. म्हणजे जिवाणू." सुनेच्या चेहऱ्यावर हसू आलं. वकिलीणबाईंनी चेन उघडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. "अस्तर. दोन पदर, सरकतायत. हे मणी, रायबोझोम." मग तिचा हात थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. कपाळाला आठी पडली.

"बाई, हा जिवाणू नाही."

वर्गात कुजबुज झाली. सुनेचा चेहरा एकदम उतरला.

"याला केंद्रक आहे," वकील म्हणाली. "डीएनए पिशवीत आहे. वर बटणसुद्धा आहे! पण बुरशी म्हणावं तर बाहेरून कडक नाही आणि तंतुकणिका एकही नाही." तिनं दुसरी पिशवी ओढून त्यात हात घातला. "हाही तसाच. बाहेरून एक आणि आतून भलतंच. असं काही जगात नसतंच, बाई. कुणीतरी गडबड केलीय."

महिनाभराची सुनेची धडपड, तिचा तास, सगळं त्यांच्या एका टिचबटणाखाली अडकलं होतं. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं, अगदी खरोखर. पण सून ओठ घट्ट मिटून उभी होती, आणि तिला बोलायची बंदी होती. मास्तर उठले.

"गडबड मी केली," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी मान वळवली. "कोण बोललं?"

"शिंपी. यांचा सासरा. बाईंची यात काही चूक नाही, त्यांनी काल तपासलं तेव्हा सगळं बरोबर होतं. सकाळी मीच खिसे लावले. वस्तू मोकळी राहिलेली मला बघवत नाही."

"जिवाणूला खिसा?" वकील म्हणाली, आणि सगळा वर्ग खदखदून हसला. मास्तरांचे कान लाल झाले. पण खिशात ब्लेड होतं, ते तर नेहमीच असायचं. ते पुढे आले, पिशवी उलटी केली आणि चोरखिसा उसवायला बसले. टाके एकामागून एक तुटल्याचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, मास्तरांना तर जरा जास्तच. जन्मात त्यांनी स्वतःचा चांगला खिसा कधी उसवला नव्हता. दोन्ही खिसे निघाले. कडी त्यांनी आत मोकळी सोडली आणि पिशव्या सुलट्या करून वकिलीसमोर ठेवल्या.

"आता बघ, बाळा."

वकिलीनं हात घातला. "हां! आता लागला मोकळा. गोल आहे, टोकच सापडत नाही. जिवाणू." मग दुसरी. "यातही मोकळा. पण बाहेर जाळी नाही, आणि अस्तर सरकत नाही, आरपार शिवलंय. म्हणजे आर्किया. आणि ही तिसरी कडक, केंद्रकाला काजं, उश्या... ही बुरशी. ही सकाळपासून बुरशीच आहे, हिला कुणी हात लावलेला नाही."

मोठ्या बाईंनी विचारलं, "मघाशी तू जिवाणू म्हणून मोकळी झाली असतीस तर? जाळी होती, शेपटी होती. तुझ्या बाईंनाही तेच हवं होतं."

"पण तो नव्हता ना!" वकील म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

मोठ्या बाईंनी काठी भिंतीला टेकवली. "आण ती पिशवी. कुठलीही दे, सांगू नकोस."

वकिलीनं चाचपून एक पिशवी उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी चेन शोधली आणि हात सरळ आत घातला. त्यांचा हात बराच वेळ आत फिरत राहिला. त्या एकीकडे बोलत होत्या, पण कुणाशी ते कळत नव्हतं. "माझ्या शाळेत सगळ्यांनी पेशीची आकृती काढली. मला त्या प्रश्नाला सूट होती. त्याऐवजी मला व्याख्या विचारायचे. मी धडाधड सांगायचे. शास्त्रात मी पहिली यायचे, ठाऊक आहे? पैकीच्या पैकी." हात आत आणखी पुढे सरकला. "आत काय असतं ते कुणी हाताला लावून दाखवलं नाही. मी विचारलंही नाही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण तिथं बघणारी एक सूनच होती आणि तिचेही डोळे भरले होते.

"विचार," मोठ्या बाई वकिलीला म्हणाल्या. "सूट नको."

वकील सावरून उभी राहिली. "ही कुणाची पेशी आहे?"

"जिवाणूची."

"कशावरून?"

"खिसा नाही."

"खिसा आर्कियालाही नसतो, बाई. तुम्ही बाहेरचं कापड बघितलं नाही, अस्तर बघितलं नाही, घाई केलीत."

मोठ्या बाईंशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यात अस्तर धरलं आणि चोळून बघितलं, एकदा, पुन्हा एकदा.

"सरकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "शिवलेलं आहे. आर्किया."

"बरोबर. पण पहिलं उत्तर चुकलं. अर्धाच गुण."

"अर्धा," मोठ्या बाई म्हणाल्या. हात त्यांनी अजून पिशवीतच ठेवला होता. "शास्त्रातला माझा पहिला. उरलेला अर्धा घ्यायला येईन मी. तुमचा हा तास कोणत्या वारी असतो?"